चार कोटी सतरा लाख अडतीस हजार नऊशे पंचवीस

"नवावर विसंबू नकोस गं बाई," अकरामावशी मला म्हणाल्या होत्या. "नऊ आंधळा आहे. अंक कोणते आलेत ते त्याला कळतं, कुठे बसलेत ते कळत नाही."

त्यांच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा होता आणि माझा पहिला. मी मान डोलावली आणि हसू दाबलं. मी गणित घेऊन पदवीधर झालेली, वर्गात पहिली आलेली. नवाने भागून उरणारी बाकी काय पकडते आणि काय सोडते, हे मला त्यांनी सांगायचं?

आमचं काम आधी सांगते. बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे चार थेंब एका जाड कागदी कार्डावर घेतात. थेंब वाळले की कार्ड आमच्या प्रयोगशाळेत येतं. कार्डावर आठ अंकी क्रमांक छापलेला असतो. कार्डाच्या कडेची एक पट्टी फाडून आईच्या हातात देतात, तिच्यावरही तोच क्रमांक. आम्ही नोंदणीच्या खोलीत बसतो. कार्डावरचा आकडा वाचायचा, यादीत लिहायचा, आणि शेजारी गोल करून त्याची नवाची बाकी लिहायची. म्हणजे आठही अंकांची बेरीज, मग त्या बेरजेतल्या अंकांची बेरीज, एक अंक उरेपर्यंत. मग समोरची जोडीदारीण कार्ड बघून तीच बाकी स्वतः काढते. दोघींची जुळली की कार्ड पुढे, थेंबाची टिकली कापून तपासणीला. रोजची चारशे कार्डं. ही पद्धत कोणी सुरू केली ते कुणालाच माहीत नाही, पण ती मोडायची कुणाची छाती नाही.

अकरामावशी एकट्याच नवानंतर अकरानेही तपासायच्या. एक सोडून एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या, एकीतून दुसरी वजा. म्हणून त्यांना ते नाव पडलं. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेत नसे.

"मावशी, शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर नऊ फसतो, मान्य," मी म्हटलं. "पण तसा तयार झालेला आकडा बहुतेक वेळा कुठल्या कार्डाचा नसतोच. संगणक घेणार नाही."

"बहुतेक म्हणजे किती?"

"हजारात एखादा निसटेल."

"बरं," त्या म्हणाल्या. डबा पिशवीत ठेवला, पिशवीचे बंद बांधले. "मग त्या एखादीच्या आईला काय सांगायचं, तेही आत्ताच लिहून ठेव. तेव्हा घाई होईल."

बाकीच्या हसल्या. मीही हसले. त्या गेल्यावर अकराने कोणी तपासलं नाही, मीही नाही.

पुढे तीन वर्षं काही झालं नाही. दरम्यान माझी लेक झाली. मी बाळंतपणाची रजा संपवून परत आले तेव्हा ती चार महिन्यांची होती. त्या पहिल्या दिवशी मी तासातासाला घरी फोन करत होते. सासूबाई शेवटी वैतागल्या. "अगं, ती झोपली होती, तुझ्या फोनने उठली! आता पुन्हा केलास तर उचलणार नाही." दूध भरून येत होतं, पाठ दुखत होती, आणि खोलीतल्या प्रत्येक कार्डावर एक टाच मला दिसत होती. मी त्या दिवशी चारशे बारा कार्डं लिहिली. सगळ्यांच्या बाक्या जुळल्या.

पुढच्याच आठवड्यात वरून यादी आली. एका क्रमांकाच्या थेंबात थायरॉइड ग्रंथीला काम करायला लावणाऱ्या संप्रेरकाचा आकडा भयंकर वर गेला होता. असं वर्षातून दहा-बारा वेळा होतं. यात घाबरण्यासारखं आहे आणि नाहीही. गळ्यातली ही ग्रंथी जन्मतःच काम करत नसेल, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. पण पहिल्या काही आठवड्यांत रोजची एक छोटी गोळी सुरू झाली, तर मूल इतरांसारखंच वाढतं. म्हणून तर हा सगळा कारखाना. बाळ बघून सुरुवातीला काही कळत नाही, ते कळायला थेंबच लागतो.

क्रमांक होता ४१७३८२९५. घरच्यांना फोन गेला. आई, बाबा, आजी, सगळे बाळाला घेऊन धावत आले. नवं रक्त घेतलं आणि चार दिवसांनी निकाल आला. अगदी व्यवस्थित.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी त्यांना बोलावून स्वतः सांगितलं. मी कागदावर सही घ्यायला तिथेच उभी होते. बाळाच्या आईने तोंडावर ओढणी दाबून रडून घेतलं. बाबा दर वाक्याला 'थँक्यू मॅडम' म्हणत होते. आजी मात्र खुर्चीतून हलली नाही.

"मग आधी जे जास्त निघालं, ते काय होतं?" तिने विचारलं.

"खोटा इशारा म्हणतात याला, आजी. होतं कधीकधी. यंत्र आहे."

"यंत्र आहे, कबूल. पण रक्त तर यंत्राचं नव्हतं ना? आमच्या पोरीचं नाही, तर कुणाच्या तरी पोरीचं असेल. आभाळातून पडलं का ते?"

सगळे हसले. बाबा म्हणाले, "आई, चल आता, तुझी उलटतपासणी पुरे." मॅडमही हसल्या आणि फाइलवर 'खोटा इशारा' लिहून त्यांनी सही ठोकली.

मी जागेवर येऊन बसले. समोर कार्डांचा गठ्ठा होता. वरचं कार्ड मी दोनदा वाचलं.

दुपारच्या सुट्टीत मी संगणकावर ४१७३८२९५ उघडला. नोंदी दोन होत्या. पहिलीचा निकाल साधा. दुसरी दोन दिवसांनंतरची, निकाल भयंकर. एका क्रमांकाची दुसरी नोंद आली की आमचा संगणक ती 'पुन्हा तपासणी' समजतो आणि पहिली मागे ढकलतो. पण पुन्हा तपासणी कुणी मागितलीच नव्हती. दुसऱ्या नोंदीची तारीख माझ्या रजेनंतरच्या पहिल्या दिवसाची होती. यादी काढली. अक्षर माझं. शेजारी गोलात माझा तीन, आणि त्याच्या शेजारी जोडीदारणीचा तीन.

म्हणजे त्या दिवशी माझ्या हातात दुसऱ्याच कुणाचं कार्ड होतं आणि मी हा आकडा लिहिला होता. बाकी जुळली, म्हणजे खऱ्या आकड्याची बाकीही तीनच. ते कार्ड कोणतं?

तुम्ही म्हणाल, त्या दिवसाची कार्डं काढून बघायची. कार्डं आमच्याकडे राहत नाहीत. आठवड्याच्या शेवटी ती गावाबाहेरच्या गोदामात जातात आणि गोदामाला नेमका क्रमांक द्यावा लागतो. मी फोन केला. तिथले काका वर्षानुवर्षं तेच आहेत.

"काका, त्या दिवसाची सगळी पाठवता येतील का?"

"सगळी? ताई, इथे खोकी दिवसावार नाहीत, आकड्यावार आहेत. आकडा बोला."

"तोच तर माहीत नाही."

"मग मी काय, डोळे मिटून एक उचलू?"

संध्याकाळी घरी लेकीला मांडीवर घेऊन तिच्या लसीकरणाच्या कागदामागे मी तो आकडा लिहिला. चार कोटी सतरा लाख अडतीस हजार दोनशे पंच्याण्णव. कॉलेजात असताना असे आकडे फोडायला मला फार आवडायचं. कुणाच्या पोटात कोण आहे ते बघायचं. हा पाचात जातो, तिनात जातो, म्हणून पंधरातही जातो. एकेकाळी मला यात मजा वाटली असती.

शेजारचे दोन अंक उलटे केले, तर जुन्या-नव्या आकड्यांतला फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. म्हणून नवाची बाकी बदलत नाही. आठ अंकांत शेजारच्या जोड्या सात. म्हणजे कार्डं सात. मी सातही लिहिली.

"पोरीकडे बघ जरा," सासूबाई म्हणाल्या. "आकडे काही रांगायला लागले नाहीत अजून."

"आई, दोन मिनिटं."

"दोन मिनिटं म्हणत तास झाला. तिने तुझं पेन चोखून संपवलं."

पेन काढून घेतलं तशी लेकीने भोंगा सुरू केला. सासूबाईंनी तिला उचललं, खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या खोलीत नेलं. आणि मी अकरामावशींना फोन केला. तीन वर्षांत पहिल्यांदा. आवाज ओळखायलाही त्यांना वेळ लागला नाही. मी सगळं सांगितलं. 'तुम्ही म्हणाला होता' हेही सांगायला गेले, तर त्यांनी मध्येच तोडलं.

"ते राहू दे. तू आकडा वाचतेस कसा? किती किती अंकांनी?"

"म्हणजे?"

"अगं, आठ अंक एका घासात कुणी गिळत नाही. तू तुकडे कुठे पाडतेस?"

मी मनात वाचून पाहिलं. "चारशे सतरा. अडतीस. दोनशे पंच्याण्णव."

"मग त्या तीन खोल्यांतच शोध. चूक खोलीच्या आत होते, भिंत ओलांडत नाही. चाळीस वर्षं बघितलंय मी."

सातातले दोन बाद झाले, पाच उरले. त्यातले तीन असे होते की त्या क्रमांकांची कार्डं कधी छापलीच नव्हती. राहिले दोन, शेवटच्या खोलीतले. ४१७३८२५९ आणि ४१७३८९२५.

सकाळी कामावर गेल्या गेल्या दोन्ही उघडले. पहिला त्या खोट्या इशाऱ्याच्या बाळाच्याच प्रसूतिगृहाचा होता, त्याची स्वतःची नोंद होती, निकाल साधा. दुसऱ्यापुढे काहीच नव्हतं. पानभर पांढरं. कार्ड एका प्रसूतिगृहाला दिल्याची तारीख, आणि त्यापुढे शांतता.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"दर महिन्याला चाळीस कार्डं येतच नाहीत. खराब होतात, हरवतात. एक नोंद नाही म्हणून लगेच..."

"मॅडम, हे दोन आकडे बघा ना."

मी कागद पुढे केला. रात्रभर ते आकडे माझ्या डोक्यात होते. दोघांचा फरक सहाशे तीस. सहाशे तिसाला दोनाने भाग जातो, तिनाने जातो, पाचाने जातो, साताने जातो, नवाने जातो, दहाने जातो. म्हणून यातल्या कुणालाही विचारा, दोन्ही आकड्यांची बाकी तो एकच सांगणार. दोन विषम म्हणतो, तीन आणि पाच दोघांनाही पूर्ण भाग जातो म्हणतात, सात दोघांतही चार ठेवतो, नऊ तीन ठेवतो. लहान मूळ संख्यांमध्ये या दोघांना वेगळं ओळखणारी पहिली संख्या अकरा. एक सोडून एक अंक मिळवले, तर चुकलेल्या आकड्यात अठ्ठावीस आणि अकरा येतात, दुसऱ्यात एकवीस आणि अठरा. बेरीज दोन्हीकडे एकोणचाळीस. अकराने एकात पाच उरतात, दुसऱ्यात आठ.

मॅडमनी पेनाने दोन्ही बेरजा पुन्हा करून पाहिल्या. त्याही गणितवाल्याच.

"अकराने तपासलं असतं तर तिथल्या तिथे दिसलं असतं," त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"मग का नाही तपासलं?"

"वेळ जातो म्हणून." मग मी खरं ते सांगितलं. "मला वाटलं, हजारात एखादंच."

त्यांनी गोदामाची चिठ्ठी स्वतः लिहिली. कार्ड यायला तरीही आठ दिवस लागले, सह्या लागतात. त्या आठ दिवसांत मी घरी लेकीला उगाच उठवायचे. ती गाढ झोपली की तिच्या तळपायाला गुदगुल्या करायचे आणि ती चिडून लाथ झाडायची. नवरा म्हणाला, "तिला झोपू दे की. कसली परीक्षा घेतेस?" मी त्याला सांगितलं, या आजाराची बाळं हळूहळू सुस्त होतात, नुसती झोपून राहतात. एकदा मी बघितलं, तोही तिच्या पायापाशी बसला होता.

कार्ड आलं. जाड पिवळसर कागद, चार तपकिरी थेंब, एकातून टिकली कापलेली. म्हणजे ते आमच्याकडे आलं होतं, तपासलं गेलं होतं. कोपऱ्यात छापलेला क्रमांक मी बोट ठेवून एकेक अंकाने वाचला. चार, एक, सात, तीन, आठ, नऊ, दोन, पाच. मुलगी. वजन दोन किलो नऊशे. आईचं वय वीस. पहिलं बाळंतपण. उरलेल्या थेंबातून पुन्हा टिकली कापली आणि त्याच दिवशी तपासली. आकडा तसाच. भयंकर.

बाळ तेव्हा पाच आठवड्यांचं झालं होतं.

कार्डावरचा फोन बंद. मॅडम म्हणाल्या, "पत्र पाठवते, प्रसूतिगृहालाही कळवते." मी म्हटलं, "पाठवा, पण मी जाऊन येते." त्या नको म्हणाल्या नाहीत.

पत्ता एका शिवणकामाच्या दुकानावरच्या खोलीचा होता. अरुंद जिना, वर दाराला कुलूप, खिडकीच्या गजाला लंगोट वाळत घालायची दोरी तशीच बांधलेली. खालच्या दुकानात एक बाई मशिनवर परकराची शिवण मारत होत्या.

"गेली ती. दहा-बारा दिवस झाले," त्या पाय न थांबवता म्हणाल्या. "नवऱ्याचं काम सुटलं. तो कुठे तरी बाहेर गेलाय, आणि ती आईकडे."

"आईचं गाव कुठलं, काही कल्पना?"

"बोलायची नाही फार. लाजरी पोर. तुम्ही कोण तिच्या?"

मी कोण? मी प्रयोगशाळेचं नाव सांगितलं, बाळाचं एक औषध राहिलंय म्हटलं. त्यांनी मशीन थांबवलं.

"औषध कशाला? इतकं गुणी बाळ मी आयुष्यात बघितलं नाही हो. रडणं म्हणून नाही. माझी चार झाली, चौघांनीही घर डोक्यावर घेतलं. ही मात्र झोपली की झोपली. दूध पाजायलाही उठवावं लागायचं, पिता पिता पुन्हा झोपायची. मी तिला म्हणायचे, नशीबवान आहेस बाई, असं लेकरू मागून मिळत नाही."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"आवाज कसा होता? कधी रडलीच तर?"

"जरा बसका. घोगरा. आणि पिवळसर होती अजून, पण ते जातंच की उन्हात धरल्यावर." त्यांनी परकर बाजूला ठेवला. "काय झालंय? खरं सांगा."

मी खरं सांगितलं. माझ्या हातून झालंय, हेही सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मशिनच्या खणातून एक वही काढली, पानं चाळली. "मापं घेतली होती मी तिची, ब्लाउजची. फोन लिहिलाय का बघते." लिहिला होता. तोच, बंद असलेला.

"आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं, छान आहे, शांत आहे," त्या म्हणाल्या. "तिला एकदा वाटत होतं डॉक्टरला दाखवावं. मीच म्हटलं, कशाला उगाच?"

पत्रं परत आली आहेत. प्रसूतिगृहाकडेही तोच पत्ता, तोच फोन. आमच्या खोलीत आता सगळ्या अकराने तपासतात. मॅडमनी हुकूमच काढला आहे. जोडीदारीण माझ्याशी अजून नीट बोलत नाही. तिचाही तीन होता त्या यादीत. आज त्या मुलीला साडेसहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात, गोळी अजूनही सुरू केली तर पुष्कळ वाचवता येईल. पुढच्या महिन्यात तेच विचारलं तर काय म्हणतील, ते मी विचारलेलं नाही.

आईचं नाव मला लिहिता येणार नाही, तो तिचा हक्क आहे. क्रमांक लिहिते, कारण कार्डाची फाडलेली पट्टी तिच्याकडे असेल, कपड्यांच्या घडीत नाही तर पर्समध्ये: ४१७३८९२५. एकेक अंक बोट ठेवून वाचा.

आणि पट्टी हरवली असेल तरी चालेल. तुमच्या जिन्यावर, गल्लीत, नात्यात कुणी वीसेक वर्षांची मुलगी बाळाला घेऊन माहेरी आली आहे का? सगळे तिचं कौतुक करतात का, की बाळ किती शहाणं, रडत म्हणून नाही? दूध पिता पिता झोपतं का, अंग गार लागतं का, आवाज घोगरा आहे का, डोळ्यांतला पिवळेपणा गेलेला नाही का? तर आज तिच्या दारात जा. तिला घाबरवू नका, तिच्याकडून काही चुकलेलं नाही, हे आधी सांगा. मग बाळाला गुंडाळून घ्या आणि तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा. तिला एकटीला पाठवू नका. लाजरी आहे, दारातून परत येईल.